टर्नरने फोडलेली खडी

छगन : उस्ताद, एक बोलू का? रागावनार नसाल तर बोलतो. हे दगड गोल हायेत.

राधाकृष्ण : गोल नाहीत. दीड इंच आहेत.

छगन : दीड इंच हायेत, कबूल. पन गोल हायेत.

राधाकृष्ण : छगन, ती लोखंडी कडी मला कोणी दिली?

छगन : म्या दिली. सरकारी कडी हाय.

राधाकृष्ण : देताना काय म्हणालास?

छगन : म्हनलो, फोडलेली खडी ह्या कडीतून गेली पायजे.

राधाकृष्ण : मग?

छगन : मग जात न्हाई ना! बसती! बाटलीला बूच बसावं तशी बसती. सकाळी ओव्हरशियर साहेबांनी तुमच्या ढिगातला एक दगड कडीत घातला, तो निघंना. साहेब अर्धा तास ठोकत बसले. शेवटी कडी दगडासकट जीपमधी ठिवली आन् गेले.

राधाकृष्ण : त्याला फिट म्हणतात. तेलाचा थेंब टाकला असता तर बोटाने निघाला असता.

छगन : उस्ताद, ही खडी हाय. बेअरिंग न्हाई.

राधाकृष्ण : तुझ्यासाठी खडी. मला माप दिलं की मी माप बघतो. अकरा वर्षं पंपाचे शाफ्ट केले, एकही परत आला नाही. हे सहा आठवडे दगड फोडतोय, हेही परत येणार नाहीत.

मालनबाई : परत कशाला येतील? पोरं न्हेत्यात की! सुकडी वाटत्यात तिथं रांगंत बसून गोट्या खेळत्यात मिस्तरीच्या खडीनं. नावं ठिवायची न्हाईत, गोट्या लई झ्याक हायेत.

छगन : मालनमावशी, तू मधी बोलू नको. हे हापिसचं बोलनं चाललंय.

मालनबाई : हापिस! आरं, मागल्या दिवाळीपतुर ह्यांच्या लेथखालचा लोखंडाचा कीस झाडीत हुतास तू, छगन्या. भागूबाईचं पोरगं ते, आन् दुष्काळ पडला म्हनून मुकादम झालं. एवढ्या माणसांत दुष्काळ एकट्या तुला मानवला.

छगन : झाडीत हुतो तर काय झालं? हेल्पर हुतो. उस्तादांचा हेल्पर. उस्ताद, ह्यावरनं आठवलं. आता चारला साहेब परत येनार. त्यांच्यासमोर मी तुमाला अरे-तुरे करीन, मनाला लावून घेऊ नका. मुकादमानं मजुराला अहो-जाहो केलं की साहेबाला वाटतं मुकादम भितो.

राधाकृष्ण : भितोस का?

छगन : लई.

मालनबाई : परवा साहेबापुढं 'ए राधाकृष्ण, हात चालीव' म्हनून वरडला, आन् जीप वळली की बाभळीमागं ह्यांच्या पाया पडला. म्या बगितलं.

छगन : ते असू दे. उस्ताद, तुमच्या फिटर-टर्नर लोकांच्या टोळीनं नऊ माणसांत किती रस्ता केला? वीस फूट. एवढ्यात ह्या मावशीच्या टोळीनं दीड फर्लांग उरकला.

राधाकृष्ण : तिच्या खडीत दोन दगड सारखे दाखव.

मालनबाई : सारकं कशाला लागत्यात? लगीन लावायचंय का दगडांचं? आन् मिस्तरी, खरं सांगू का, माजा निम्मा ढीग तुमचाच हाय. तुमी मोजून मोजून जे फेकून देता ना, 'रिजेट' म्हनून, ते म्या उचलते. दिसाला दोन पाट्या रिजेट निघतंय तुमचं. देवानं असा शेजार सगळ्यांना द्यावा.

छगन : आता मुद्द्याचं. काल सांजच्याला रोलर तुमच्या वीस फुटांवर चढला. ड्रायव्हर म्हनतो, आजपतुर डांबरावर चालवला, मुरमावर चालवला, एकदा चुकून मळ्यात चालवला, पन गोट्यांवर पहिल्यांदाच. आठ टनाचं धूड, उस्ताद! पन लाजत लाजत सरकलं ते थेट नाल्याच्या कडंला. ड्रायव्हरनं जीव खाऊन चाक वळवलं, तर पुढल्या चाकाची पिन कट्‌दिशी तुटली.

राधाकृष्ण : कुठे तुटली?

छगन : नाल्यापाशी.

राधाकृष्ण : पिनमध्ये कुठे तुटली, ते विचारतोय. आणलीस का?

छगन : ही काय, दोन्ही तुकडे.

राधाकृष्ण : हं. बघ, छगन, हे बघ. ह्या खांद्यावर, जाडी बदलते तिथे, टूलच्या रेघा बघ. नांगरट केलीय. इथे चीर पडणारच होती. कोणी केली असेल ही पिन?

छगन : कुनी केली हा प्रश्न न्हाई…

राधाकृष्ण : हाच प्रश्न आहे. ह्या माणसाला दुसरं काहीतरी काम द्यायला पाहिजे होतं. मुकादम करायला पाहिजे होतं.

छगन : बोला, बोला. आमी आयकून घ्यायलाच हाय. पन साहेब काय म्हनले ते बी आयका. पिनसाठी साहेब डिव्हिजनला लिहिनार. डिव्हिजन मुंबईला लिहिनार. मुंबईत पिनीचं टेंडर निघनार. पिन येईपतुर पाऊस पडून, बाजरी उगवून, दळून भाकरी झाल्या असतील. तवर रोलर बंद, रोलर बंद म्हंजी काम बंद. चारला साहेब कागद घेऊन येनार. हितली तीनशे मानसं उद्या जामखेडच्या तळ्यावर.

मालनबाई : जामखेडला?

छगन : वरची आर्डर हाय, मावशी.

मालनबाई : आरं, सासू खाटंवर हाय माजी! तिला काय पाटीत घालून डोक्यावरनं नेऊ? हितं दुपारच्याला पळत जाऊन तिच्या तोंडात पानी तरी घालते. आन् तुजी आई? भागूबाईच्यानं चालवतं का?

छगन : माझी आई हितंच ऱ्हानार. मी मुकादम हाय, मला जीपमधनं न्हेतील. बहुतेक.

मालनबाई : मिस्तरी, आता खरं बोला. दगड गोल झालं ते चुकून का मुद्दाम?

राधाकृष्ण : कडी गोल आहे, बाई.

मालनबाई : पयले आठ दीस चुकून. म्या शेजारी बसून बघत हुते. नवव्या दिशी म्याच सांगितलं तुमाला, मिस्तरी, दगडाला कोन ठिवा, कोनात कोन गुतला की रस्ता बसतो. तुमी 'बरोबर आहे' म्हनला. आन् दुसऱ्या दिसापासनं आनखी गोल केलं.

छगन : मुद्दाम? उस्ताद, तुमी?

राधाकृष्ण : हा रस्ता कुठून कुठे जातो, छगन?

छगन : पुने रोडपासनं, केडगावच्या अलीकडनं निघतो, आपल्या पंपाच्या कारखान्यावरनं पुढं मावशीच्या वाडीला. वाडीपतुर अजून दोन मैल.

राधाकृष्ण : कारखान्यात आता काय आहे?

छगन : काय न्हाई. कुत्री हायेत.

राधाकृष्ण : आणि?

छगन : आन्… लेथ.

राधाकृष्ण : आपल्या मालकांनी, आप्पासाहेबांनी, हा रस्ता मागितला पाच वर्षांपूर्वी. तेव्हा पंपांची मागणी एवढी, की माल बाहेर काढायला ट्रक पाहिजे. अर्ज केला. अर्ज फिरत राहिला. पंप खपायचे थांबले, अर्ज फिरत होता. कारखाना बंद पडला, अर्ज फिरत होता. मग दुष्काळी कामं निघाली, आणि मंजूर झाला. आता कारखान्यातून बाहेर काढण्यासारखं एकच शिल्लक आहे.

मालनबाई : ते तुमचं मशीन.

राधाकृष्ण : बाकीची मशिनं बैलगाडीतून गेली. ड्रिल गेलं, ग्राइंडर गेलं. लेथ तीन टनांचा. गाडीवर चढवला, तर गाडीचा कणा मोडला. बैल घरी गेले, लेथ जागेवर राहिला. आता मुंबईचा भंगारवाला ट्रक घेऊन केडगावला बसलाय. हॉटेलात चहा पितो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, किती फूट राहिलं?

छगन : मला बी इचारलं. मला वाटलं खात्याचा मानूस हाय. म्या सलाम केला.

मालनबाई : पन मग मशीन आलं कसं हुतं?

राधाकृष्ण : तेव्हा वाट होती. नाल्याच्या पुराने नेली.

मालनबाई : पूर! आगं बाई. त्यो बी येत हुता न्हाई का आपल्याकडं. भंगारवाला घिऊन काय करनार त्याचं?

राधाकृष्ण : फोडणार. वितळवणार. त्या लेथवर मी इंचाच्या हजारातला एक भाग पकडायचो, बाई. डोक्याच्या केसाचे तीन पदर केले तर त्यातला एक. आता त्याच्या बादल्या होतील.

मालनबाई : म्हंजी रस्ता झाला की तुमचं मशीन जानार. आन् न्हाई झाला की आमी जामखेडला जानार.

राधाकृष्ण : पिन तुटेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, रस्ता नुसता रेंगाळेल. रेंगाळला तर कोणाला वाईट वाटणार होतं?

छगन : पन कारखाना आज ना उद्या चालू हुईल की, उस्ताद! परवा पंचायतीच्या रेडिओवर एक तज्ज्ञ बोलत हुते. म्हनले, मंदी हटत आली. देश पुढं चाललाय.

मालनबाई : आपला रोलर चालतो तसा का? पुढं, मग मागं, मग पुढं?

छगन : तसं न्हाई, मावशी. मंदी म्हंजी… उस्ताद, तुमी सांगा.

राधाकृष्ण : विहिरीला पाणी नाही, म्हणून कोणी पंप घेत नाही. पंप खपत नाही, म्हणून आप्पासाहेब लोखंड घेत नाहीत. लोखंडाला गिऱ्हाईक नाही, म्हणून तिकडे भट्टीवरची माणसं घरी बसतात. घरी बसलेला माणूस ज्वारी घेत नाही.

मालनबाई : ज्वारी घ्यायला हाय कुठं?

राधाकृष्ण : तेच. म्हणून आपण घरी बसलोय हे त्याला लवकर कळतही नाही.

मालनबाई : आन् हे समदं माज्या हिरीपासनं सुरू झालं म्हना. मिस्तरी, तुमच्याच कारखान्याचा पंप घेतला हुता आमी. आमच्या मालकांनी नारळ फोडून बसवला. इंजिन दुसऱ्या कंपनीचं, पंप तुमचा. तिसऱ्या दिशी हिरीनं तळ दावला. सासू म्हनती, पंप पांढऱ्या पायाचा हाय. आता कोंबडी अंडी घालती त्यात.

राधाकृष्ण : तीन दिवस चालला ना? आवाज कसा होता?

मालनबाई : कसा म्हंजी?

राधाकृष्ण : खडखड होती का? शिट्टी मारायचा का?

मालनबाई : न्हाई बा. मांजर चुलीपाशी झोपलं की कसं घुरघुरतं, तसा.

राधाकृष्ण : ऐकलंस, छगन?

छगन : आयकलं.

राधाकृष्ण : मग तो शाफ्ट माझाच. बाई, पाणी तुमच्या विहिरीचं गेलं. शाफ्टचा दोष नाही.

मालनबाई : दोष कोन देतंय? कोंबडी बी खूश हाय.

राधाकृष्ण : कारखाना बंद झाला त्या दिवशी आप्पासाहेबांनी पेढे वाटले.

मालनबाई : बंद झाल्याचं पेढं?

राधाकृष्ण : पाच हजाराव्या पंपाचे होते. नगरच्या हलवायाला आधीच सांगून ठेवलेले. पंप चार हजार नऊशे नव्याण्णववर थांबला, पण पेढे आले. आप्पासाहेब म्हणाले, नासण्यापेक्षा खा. पेढा तोंडात असतानाच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कोणाला काही बोलता आलं नाही.

छगन : म्या दोन खाल्ले हुते. मला तर नीट आयकू बी आलं न्हाई. दुसऱ्या दिशी एकटाच कामावर गेलो.

राधाकृष्ण : पाच हजाराव्याचा शाफ्ट अजून लेथवरच लावलेला आहे. अर्धा झालेला.

मालनबाई : मिस्तरी, एक इचारू? ही पिन तुमच्या मशिनीवर हुईल का?

राधाकृष्ण : कोणती?

मालनबाई : वळख न्हाई दिल्यावानी करू नका. हातातच हाय तुमच्या.

राधाकृष्ण : एका तासात होते.

छगन : मी तेच बोलायला आलो हुतो, उस्ताद! सकाळधरनं तोंडाशी येतंय, पन धीर हुईना. म्हनून गोल दगडापासनं सुरवात केली.

राधाकृष्ण : वीज कुठेय? तोडून चार महिने झाले.

मालनबाई : माजं इंजिन हाय. पाच घोड्यांचं. हिरीवर बसून नुस्तं आभाळाकडं बघतंय. गाडीत घालून आनते. डिझेल हाय थोडं, सासूच्या खाटंखाली डब्यात.

राधाकृष्ण : म्हणजे पाणी उपसायच्या इंजिनावर लेथ चालवायचा. लेथवर पिन करायची. पिन रोलरला बसवायची. रोलरने रस्ता करायचा. आणि त्या रस्त्याने लेथ भंगारात पाठवायचा.

छगन : असं एका दमात बोललात की कसंतरीच वाटतं.

राधाकृष्ण : माझ्या हाताने नाही होणार, छगन.

मालनबाई : मग जामखेड.

छगन : थांबा. थांबा जरा. मला एक सुचलंय. उस्ताद, पिन करायची, पन कच्ची करायची.

राधाकृष्ण : कच्ची म्हणजे?

छगन : आठ दिसांत तुटंल अशी. तुटली की पुन्यांदा करायची. म्हंजी लेथ लागनार. सरकारी कामाला लेथ लागतो म्हनल्यावर साहेब तसा कागद करतील, भंगारवाल्याच्या बापाला बी हात लावता येनार न्हाई. रस्ता हुनार, पन हप्त्याला चार फूट. हिशोब बघा! तीनशे मानसं कामावर. मावशीची सासू खाटंवर. ड्रायव्हर बाभळीखाली. भंगारवाला चहावर, चहावाला खूश. लेथ चालू. मी मुकादम. सांगा, कुनाचं नुकसान?

राधाकृष्ण : देशाचं.

छगन : देश काय केडगावला बघायला येतोय?

मालनबाई : येतो की. जीपमधनं येतो. रस्ता संपला की तिथनंच माघारी जातो.

छगन : ह्यालाच रेडिओवर उभारी म्हनत्यात, उस्ताद. एकानं मोडायचं, दुसऱ्यानं नीट करायचं, आन् दोघांनी बी जेवायचं.

राधाकृष्ण : डोकं चाललंय तुझं. वाया गेलं लेथखाली.

छगन : मग करताय?

राधाकृष्ण : मला येत नाही.

छगन : काय येत न्हाई?

राधाकृष्ण : खराब पीस करायला. गंमत नाही करत. हात वळत नाही. टूल लावलं की तो आपोआप मापावर जातो. मी मुद्दाम वाकडा धरला तरी लेथ मला वाकडं करू देणार नाही.

मालनबाई : आन् हे दगड?

राधाकृष्ण : दगडसुद्धा मी खोटे केले नाहीत, बाई. प्रत्येक कडीत बसतो.

मालनबाई : मग ज्येला येतं त्येच्याकडनं करून घ्या.

राधाकृष्ण : कोणाकडून?

मालनबाई : ह्यो काय, हुबा हाय समोर. मागं तूच सांगत हुतास ना रं, छगन्या? उस्ताद जेवायला गेले की चोरून लेथ चालवायचास. किती पीस केलंस म्हनला हुतास?

छगन : बावीस.

मालनबाई : आन् पास किती?

छगन : तसं न्हाई ते, मावशी. तवा माझं लक्ष जेवनात असायचं.

राधाकृष्ण : बावीसच्या बावीस रिजेक्ट. बरोबर. एक तर मी अजून घरी ठेवलाय. पाहुणे आले की दाखवतो.

छगन : म्हंजी खराब पायजे म्हनून माझी निवड?

राधाकृष्ण : देशाला प्रत्येक माणसाचा उपयोग असतो, छगन. वेळ यावी लागते.

छगन : आन् तुमी?

राधाकृष्ण : मी मागे उभा राहीन. हात लावणार नाही.

छगन : घ्या आईची शप्पथ.

राधाकृष्ण : लेथची घेतो. मालनबाई, इंजिन आणा. साहेब चारला येणार.

(दुपार. बंद कारखान्याची शेड. मालनबाईचं इंजिन दारात भकभक करतंय, त्याचा पट्टा लेथला जोडलेला. छगन लेथवर, राधाकृष्ण त्याच्या मागे हात पाठीशी बांधून.)

मालनबाई : काय म्हनताय? आयकू येत न्हाई!

राधाकृष्ण : म्हटलं, आवाज ऐका! चार महिन्यांनी!

मालनबाई : माज्या इंजिनाचा?

राधाकृष्ण : त्याच्या आतला! बारीक! तो!

छगन : उस्ताद, ह्यो शाफ्ट पाच हजाराव्या पंपाचाच ना?

राधाकृष्ण : तोच. कडक पोलाद आहे, मुंबईला मिळणार नाही. सुरू कर.

छगन : करतो. खराब करतो.

राधाकृष्ण : कर. … अरे, असा काय घुसतोस? हळू.

छगन : खराब करायचीय, उस्ताद.

राधाकृष्ण : खराबच कर. पण अशी नाही.

छगन : मग कशी?

राधाकृष्ण : खराब करायची म्हणून कशीही करायची का? कोपर अंगाला लाव. चाक बोटांनी फिरव, मुठीने नको. कीस बघ. तुटक येतोय ना? लांब यायला पाहिजे. सुटू दे. हं. आता.

मालनबाई : मिस्तरी, तुमी हात लावनार नव्हता!

राधाकृष्ण : हात पाठीशीच आहेत, बाई. तोंडाची शपथ घेतली नव्हती.

छगन : उस्ताद, आला! लांब आला! सापासारका वेटोळं घालून आला बघा!

राधाकृष्ण : इकडे बघू नकोस, टूलकडे बघ. आता खांद्यापाशी येतोयस. पहिल्या पिनीला इथेच नांगरट होती. इथे घाई केली की संपलं.

छगन : मग हितंच घाई करू का? हितंच तुटंल, साधी गोष्ट हाय.

राधाकृष्ण : कर.

छगन : करू?

राधाकृष्ण : कर ना.

छगन : हात न्हाई होत, उस्ताद. इतकी झ्याक चाललीय.

मालनबाई : आगं बाई. ह्येला बी लागलं.

राधाकृष्ण : मग जाऊ दे सावकाश. गोलाई घे. हं. हं. तेल टाक. आता शेवटचा हात, श्वास सोडून. … बास. थांब. माझं मायक्रोमीटर दे.

छगन : तुमच्याच खिशात हाय.

राधाकृष्ण : हो. असतंच.

छगन : किती खराब झाली?

राधाकृष्ण : गप्प. पुन्हा मोजतो.

छगन : लई खराब?

राधाकृष्ण : तिसऱ्यांदा मोजतो.

मालनबाई : मिस्तरी, दगडाला बी एवढा येळ लावत नव्हता तुमी.

राधाकृष्ण : छगन.

छगन : उस्ताद.

राधाकृष्ण : पास आहे.

छगन : थट्टा करू नका.

राधाकृष्ण : तेविसावा पीस. पास. हे घे, तू मोज. कसं धरायचं ते माहीत आहे ना? दाबू नकोस.

छगन : … व्हय की वो. मावशी, पास झाली! माझी पिन पास झाली! आईला सांगू का, उस्ताद?

राधाकृष्ण : सांग.

छगन : पन… आता आपलं ते? आठ दिसांचं? शाफ्ट उरलाय अजून वीतभर. दुसरी करू? डोळं मिटून करतो, नक्की खराब हुईल.

राधाकृष्ण : हातात पास पिन असताना रोलरला रिजेक्ट लावायची?

छगन : न्हाई, म्हंजी, मी आपलं इचारलं.

राधाकृष्ण : तू लावशील?

छगन : खरं सांगू? लावनार न्हाई. आता तर मुळीच न्हाई.

मालनबाई : आन् ही किती दीस टिकंल?

राधाकृष्ण : रस्ता झिजेल, बाई. रोलर झिजेल. पिन अशीच राहील.

मालनबाई : म्हंजी हितपतुर रस्ता चार दिसांत हुतो.

राधाकृष्ण : ते वीस फूट उकरावे लागतील. मीच उकरतो. कोन कसा ठेवायचा, ते उद्या परत दाखवा मला.

मालनबाई : दाखवते. हितनं पुढं वाडीपतुर दोन मैल हायेत अजून. पावसापतुर काम पुरंल आपल्याला.

राधाकृष्ण : पुरेल.

छगन : उस्ताद, पावनेचार झाले. साहेब जामखेडचा कागद घेऊन येतील, त्याच्या अगुदर पिन बसवायला पायजे. जाऊ मी?

राधाकृष्ण : जा. फडक्यात गुंडाळून ने. आणि साहेबांना सांग, कोणी केली ते.

छगन : सांगतो. राधाकृष्ण टर्नरनं.

राधाकृष्ण : छगन टर्नरने, म्हणून सांग. … पळ आता. पाया काय पडतोस? इथे कोण साहेब आहे?

मालनबाई : ग्येला बघा कसा, लगनाला निघाल्यावानी. मिस्तरी, इंजिन बंद करू का? काम झालं न्हवं? मशीन रिकामंच फिरतंय.

राधाकृष्ण : डिझेल किती आहे?

मालनबाई : अर्ध्या तासाचं असंल.

राधाकृष्ण : मग फिरू द्या.